टेप गुंडाळून गेलेल्या सोलर मिस्त्रीस खुले पत्र

मिस्त्री,

औराद तालुक्यातल्या आमच्या शेतावर तुम्ही पॅनल चढवले, मोटार चालू करून दाखवली, चहा प्यायलात, कागदावर सही घेतली आणि गेलात. पाणी पडलं म्हणून आम्ही खूश. मागे तुम्ही काय करून ठेवलंय, ते एप्रिलातल्या एका दुपारी जळक्या प्लास्टिकच्या वासाने सांगितलं.

आयसोलेटर बंद करून संध्याकाळी जाणत्या माणसाकडून खांबाजवळच्या जोडावरची काळी टेप सोडवून घेतली. आत दोन वायरी नुसत्या हाताने पिळलेल्या. तांब्याच्या तारा काळ्या पडलेल्या, वरचं आवरण पापडासारखं मोडत होतं, टेपचा डिंक वितळून खाली ओघळला होता. आणि त्या जोडाखाली, तीन हातांवर, ज्वारीच्या कडब्याची गंजी. चार जनावरांचा वर्षाचा चारा!

तुम्हाला हे काम कुणी शिकवलं नसेल, तर इथे वाचा. शिकवलं असेल, तर तुम्हाला माफी नाही. त्या वायरीतून ९ अँपिअर वाहतात. सैल जोडात अर्धा ओहम अडथळा आला, की तिथे ४० वॉट उष्णता होते. कथील वितळवायच्या सोल्डरिंग आयर्नएवढी, ऊन असेतोवर, रोज. घरातल्या एसी विजेचा प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगीला विझायला सवड मिळते. पॅनलचा डीसी प्रवाह शून्यावर येतच नाही. पंधरा पॅनल एका ओळीत जोडले की दाब पाचशे व्होल्टच्या पुढे जातो. जोडात फट पडली की ज्योत तिथेच धरून राहते. वीज कंपनीला, जेस्कॉमला, फोन करून ही लाइन बंद करता येत नाही. सूर्य डोक्यावर आहे तोवर पॅनल वीज देतंच.

पुढचा जोड पाहिला. दोन वेगळ्या कंपन्यांचे एमसी-फोर कनेक्टर एकमेकांत कोंबलेले, पिन पक्कडीने चेपलेली. क्रिम्पिंग टूल तुमच्या पिशवीत नव्हतंच. पॅनल पंचवीस वर्षांच्या हमीचं, पंपाला सरकारी अनुदान, आणि सगळ्याचा जीव तुमच्या एका पिळ्यावर!

‘खेड्यात एवढं चालतंय,’ असं तुम्ही जाताना म्हणालात. नाही चालत. २०१९ मध्ये अमेरिकेत वॉलमार्टने सात दुकानांच्या छतांवरच्या सोलर आगींवरून टेस्लाला कोर्टात खेचलं. सैल आणि निकृष्ट जोडांची तक्रार त्या दाव्यातही होती. तिथे दोन कंपन्यांचं भांडण होतं आणि ते तडजोडीने मिटलं. इथे गंजी पेटली, तर गोठ्यात बांधलेलं जनावर दावं तोडून पळू शकत नाही.

भालकीपासून आळंदपर्यंत तुम्ही आणि तुमच्यासारख्यांनी कोणकोणत्या शेतांत असे पिळे मारलेत, ते तुम्हालाच ठाऊक. परत या. योग्य मापाचे लग आणा, क्रिम्पिंग टूल आणा, एकाच कंपनीच्या कनेक्टरच्या जोड्या आणा, आणि प्रत्येक टेप सोडवा. पैसे मागू नका.

आणि शेजारच्या शेतकऱ्यांनो, हे मिस्त्री येतील म्हणून थांबू नका. जोडावरची टेप सुरकुतलेली किंवा ओघळलेली दिसली, तर हात लावू नका. आधी आयसोलेटर बंद करा. ऊन असताना चालू लाइनचा कनेक्टर ओढू नका. जाणता माणूस बोलवा. आणि कडबा आजच हलवा.

— औराद तालुक्यातला एक शेतकरी