पास आहे का?

कोरोनात बंद पडलेली राज्यातली नाट्यगृहं २२ ऑक्टोबर २०२१ला पुन्हा उघडली ती निम्म्या खुर्च्यांनिशी. एका खुर्चीवर माणूस, शेजारच्या खुर्चीवर फुली. असल्या हिशोबात कार्यक्रम परवडायचा कसा, म्हणून आयोजकांनी कपाळाला हात लावला. नांदेड-लातूरच्या शास्त्रीय गाण्याच्या रसिकांना मात्र त्यात नवं काही दिसलं नाही. निम्मं सभागृह मोकळं ठेवून ख्याल ऐकायची पद्धत आमच्याकडे सरकारी आदेशाच्या कितीतरी आधीपासून रूढ आहे. नांदेडचं कुसुम सभागृह असो की लातूरचं दयानंद, सत्कार उरकला की पुढच्या रांगेतले मान्यवर 'जरा एक फोन करून येतो' म्हणत विलंबितात उठतात आणि द्रुत संपलं तरी त्यांचा फोन संपत नाही.

अशा आम्हा लोकांना टाळेबंदीत गाण्याची आठवण यावी, हेच मुळात नवल. पण आली.

तसं गाण्याला काय तोटा होता? भीमसेन, किशोरीताई, वसंतराव, सगळे खिशातल्या मोबाइलमध्ये, रात्री तीनलासुद्धा गायला तयार. आवाज स्वच्छ, शिटी नाही, खरखर नाही. नेमकं तेच खटकायला लागलं. साथीदाराने हातोडी घेऊन तबल्याच्या गठ्ठ्यांवर टकटक करावी, बुवांनी मान हलवावी, त्याने पुन्हा टकटक करावी, माइकवाल्याने मधूनच येऊन 'हॅलो, चेक' म्हणत त्या लागत आलेल्या सुराचा सत्यानाश करावा. समईची वात काही केल्या पेटू नये आणि अध्यक्षांच्या हातातली तिसरी काडीही विझावी. या सगळ्याला आम्ही वर्षानुवर्षं नावं ठेवली. ते बंद झाल्यावर कळलं की आपण निम्मा जीव त्यातच गुंतवलेला होता. आणि दाद? घरात एकट्याने कानात बोंडं घालून ऐकताना एका तानेला तोंडातून 'क्या बात है' निघून गेलं. स्वयंपाकघरातून लगेच विचारणा झाली, "कुणाशी बोलायलाव?" दाद द्यायला शेजारी कुणीतरी लागतं. त्याने समेच्या दोन मात्रा आधीच 'वाहवा' म्हटलं तरी चालतं. उलट त्यामुळे आपल्याला सम कळते याची खात्री पटते.

काही प्रकार तर मोबाइलमध्ये बसतच नाहीत. औशाच्या नाथ संस्थानाचं चक्रीभजन घ्या. गाणारा गात गात गोल फिरणार. मोबाइलच्या चौकटीत तो निम्मा वेळ दिसणार, निम्मा वेळ मागची भिंत. शिवाय ज्या भजनात ऐकणाऱ्याचाही पाय जागचा हलतो, ते पलंगावर लोळून बघणं हा भजनाचाही अपमान आणि पलंगाचाही.

सगळ्यांत हाल झाले ते वाजंत्र्यांचे. एप्रिल २०२१मध्ये नियम आला, लग्नाला पंचवीस माणसं आणि दोन तास. आमच्या ओळखीच्या एका घरात याद्या झाल्या. बारा इकडचे, बारा तिकडचे, एक भटजी. झाले पंचवीस. कुणीतरी हळूच म्हणालं, "अन् वाजंत्री?" नवरदेवाच्या मामाला वगळून हलगीवाला घ्यावा, अशी सूचना नवरदेवानेच केली म्हणतात, पण मामा आहेराचा असल्याने ती बारगळली. शेवटी सनई मोबाइलवरून लावली. 'सावधान' झालं, अक्षता पडल्या आणि सनईच्या जागी सिमेंटची जाहिरात सुरू झाली. मजबुतीचं आश्वासन मिळालं, एवढाच त्यातल्या त्यात शुभशकुन.

हसू येतं, पण ज्याच्या हलगीवर अख्खी वरात नाचायची तो त्या दिवसांत मेथीच्या जुड्या घेऊन रस्त्याच्या कडेला बसलेला दिसला, तेव्हा त्याच्याकडे बघवेना. मी दोन जुड्या जास्त घेतल्या. त्याने कोथिंबीर वर दिली, म्हणजे पुन्हा तोच मोठा ठरला. २०२१मध्येच राज्य सरकारने सुमारे ५६ हजार कलावंतांना एकरकमी पाच-पाच हजार रुपये जाहीर केले. सांस्कृतिक कार्यमंत्री तेव्हा लातूरचेच होते, अमित देशमुख. ज्याची लग्नसराई आणि जत्रा दोन्ही बुडाल्या, त्याला पाच हजार किती दिवस पुरले असतील, हा हिशोब कुणीही करावा.

१ एप्रिल २०२२ला निर्बंध उठले. दुसऱ्या दिवशी पाडवा. त्याच महिन्यात उदगीरला साहित्य संमेलन झालं आणि इतक्या दिवसांनी तोंड उघडं ठेवून फिरणारी गर्दी बघायला मिळाली. पण माझ्या लेखी कोरोना संपला तो माळेगावला. नांदेडहून लोहा-अहमदपूरमार्गे लातूरला जाताना रस्त्यातच हे गाव लागतं. मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरली की एरवीचा दहा मिनिटांचा पट्टा तासाभराचा होतो आणि गाडीतले सगळे यात्रेच्या नावाने बोटं मोडतात. यात्रेत दोन वर्षं खंड पडला, तेव्हा गाडी तिथून सुसाट निघून गेली आणि कुणालाच बरं वाटलं नाही. डिसेंबर २०२२मध्ये यात्रा पुन्हा भरली. घोडे आले, उंट आले, गाढवंही आली, कुस्त्यांचा फड लागला. यळकोटाच्या गजरात भंडाऱ्याने माणसं पिवळी झाली. तंबूमागे एक पोरगा कडबा पेटवून हलगी शेकत होता. हलगी जाळावर धरायची, फिरवायची, कानाशी नेऊन बोटाने टिचकी मारायची, तोंड वाकडं करून पुन्हा जाळावर. चौथ्या-पाचव्या टिचकीला कातडं असं कडाडलं की शेजारच्या घोड्याने कान टवकारले. मोबाइलवर हलगीला आधी शेकावं लागत नाही, म्हणूनच ती तिथे थंड वाजते, असं माझं आपलं मत आहे.

या यात्रेतला लावणी महोत्सव प्रसिद्ध आहे. जवळ तमाशाचाही तंबू असला की सोयाबीनचे पैसे खिशात घेऊन आलेला माणूस काय करतो, ते बघण्यासारखं असतं. तो आधी रांगेत उभा राहून तिकीट काढतो. मग आत एखादी लावणी आवडली की पुन्हा नोट काढतो, पाटलाचं नाव पुकारायला लावतो, फर्माईश करतो. दौलतजादा म्हणून आपण नाक मुरडतो आणि तिच्यात मुरडण्यासारखं पुष्कळ असतंही. पण हा माणूस एका गाण्याचे दोनदा पैसे देतो आणि पदरचे देतो, हे कबूल करायला हवं.

आम्ही पगारदार-पेन्शनर मंडळी मात्र शहरात कार्यक्रमाचा फलक दिसला की सगळ्यात आधी गायक कोण ते बघत नाही. आयोजकांत ओळखीचं कोण ते बघतो. "पास आहे का?" पाचशेचा पास फुकट मिळाला तर मिरवायचा आणि दोनशेचं तिकीट काढावं लागलं तर कुणाला सांगायचं नाही, अशी आमची रीत. टाळेबंदीत आम्हीच एकमेकांना गहिवरून पाठवत होतो, 'कलावंत जगला पाहिजे.' तो जगला, मंचावर आला, सूर लावून बसला; आणि आम्ही पुन्हा आयोजकाच्या फोनला चिकटलो. मीही त्यातलाच.

म्हणून लातूरच्या एका मैफलीला मी निश्चयाने तिकीट काढलं. वेळेवर पोहोचलो, छाती पुढे काढून पुढच्या रांगेकडे निघालो, तर दारावरच्या पोराने अडवलं. "काका, पुढच्या रांगा पासवाल्यांच्या हायत. तिकीटवाले मागं."

मागे गेलो. शेजारी एक बाई बसल्या होत्या, मांडीवर डब्याची पिशवी. मी उगीच आपलं विचारलं, "तुम्हीही तिकीट काढलंत?"

"काढलं की," त्या म्हणाल्या. "तबल्यावर माझा लेक आहे. पास मागायची लाज वाटली."