निवृत्त ज्वालामुखीच्या गावात

पुण्याजवळच्या मारुंजीत कुठलीही खिडकी उघडा, समोर एक खड्डा असतो. आमच्या खिडकीसमोरचा सध्या तीन मजले खोल गेलाय, कारण वर जितके मजले चढणार तितक्या गाड्या खाली मावल्या पाहिजेत. पोकलेन दिवसभर ब्रेकर मारतो, हायवा दगड भरून निघतात आणि संध्याकाळी आम्ही पेन्शनर मंडळी पत्र्याच्या फटीतून आत डोकावतो. खड्डा दिसला की थांबायचं, हे आपल्याला बाळकडूतूनच मिळालेलं असतं. त्यात मला उत्खननाचं वेड. नोकरी बँकेत झाली, पण वाचन सगळं खापरांचं.

राहवलं नाही म्हणून पोकलेनवाल्याला विचारलंच, "काय हो, कधी काही निघतं का खाली? मडकी, विटा, एखादं नाणं?"

त्याने इंजिन बंद केलं. हा म्हातारा गुप्तधनाच्या मागे लागलाय की काय, असा संशय त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसला. "काका, वर हातभर मुरूम, खाली नुसता काळा फत्तर. फत्तरात कोण काय पुरणार?"

दख्खनच्या पठारावरच्या पुरातत्त्वाचं इतकं नेमकं सार मी एकाही पुस्तकात वाचलेलं नाही.

हाच प्रश्न जावा बेटावर विचारला असता, तर उत्तर वेगळं आलं असतं. तिथे योग्यकर्ता शहराजवळ १९६६ साली एक शेतकरी शेत खणत होता. कुदळ कोरीव दगडावर आपटली. खणत गेले, तर खाली नवव्या शतकातलं अख्खं शिवमंदिर, आजच्या जमिनीपासून साडेसहा मीटर खोल. सांबिसारी त्याचं नाव. ते मोकळं करून पुन्हा नीट उभं करेपर्यंत १९८७ साल उजाडलं. त्याहून गमतीची गोष्ट २००९ची. तिथल्याच इस्लामी विद्यापीठाने ग्रंथालयासाठी पाया खणायला घेतला आणि मातीतून गणपती बाहेर आला. शिवाय नंदी, शिवाय शिवलिंग. आपल्याकडे असं झालं असतं तर पुढे काय काय झालं असतं, याची यादी मी मनातल्या मनात सुरू केली आणि रक्तदाबाचा विचार करून थांबवली. त्या लोकांनी सापडलेलं देऊळ जागच्या जागी जपलं आणि ग्रंथालय त्याला सांभाळून बांधलं.

हे सगळं पुरून ठेवण्याचं श्रेय मेरापी ज्वालामुखीचं. तो अजून नोकरीत आहे. २०१० साली त्याने बोरोबुदुरच्या स्तूपावर पुन्हा राख उडवली आणि माणसांना अख्खा स्तूप झाडून काढावा लागला. ज्या गावात असा ज्वालामुखी असतो, तिथे भूतकाळ आपोआप झाकला जातो आणि झाकला म्हणून टिकतो.

ज्वालामुखी आमच्याकडेही होता. पण तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वी निवृत्त झाला. जाताना काम मात्र भरपूर करून गेला. सह्याद्री त्याचा, लेण्यांचा कातळ त्याचा, घरातला पाटा-वरवंटा त्याचा आणि समोरच्या खड्ड्यात पोकलेनचे दात झिजवणारा फत्तरही त्याचाच. फक्त माणूस इथे पोचला तेव्हा तो कधीच थंड होऊन बसला होता. आमच्या एकाही पिढीवर त्याने पांघरूण घातलं नाही.

अगदीच कुणी घातलं नाही असंही नाही. जुन्नर तालुक्यातल्या बोरी गावाजवळ कुकडीच्या काठी आणि अष्टविनायकांतल्या मोरगावाजवळ कऱ्हेच्या काठी ज्वालामुखीच्या राखेचे थर सापडतात, आणि तिथेच आदिमानवाची दगडी हत्यारंही. ही राख जावाच्या शेजारच्या सुमात्रातून, तोबा ज्वालामुखीतून, वाऱ्यावर बसून आली. ती ७५ हजार वर्षांपूर्वीच्या स्फोटातली की सात-आठ लाख वर्षांपूर्वीच्या, यावर विद्वानांची जुंपलेली आहे. मला एवढंच दिसतं की पांघरूण शेवटी परदेशातून यावं लागलं, आणि तेही आमच्या मुळशीपर्यंत पुरलं नाही.

पुणे जिल्ह्यात खणून काही मिळतच नाही असं मात्र कुणी समजू नये. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ अशी वर्षानुवर्षं खणती केली. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही त्यातली मोठी नावं. तीन हजार वर्षांपूर्वीचं शेतकऱ्यांचं गाव निघालं. जव पिकवणारं, पाण्यासाठी पाट काढणारं. आमच्या चौकातल्या फलकावर पाच खोल्यांच्या घराला स्वप्न म्हटलंय. इनामगावात एक जण तेव्हाच तसल्या घरात राहत होता. त्या घराच्या अंगणात चार पायांचा मातीचा मोठा रांजण सापडला आणि रांजणात पाय मुडपून बसवलेला पुरुष. त्या गावात मोठ्या माणसाला पुरताना घोट्याखालचे पाय तोडायची रीत होती. मेलेल्याने उठून हिंडू नये, अशी काहीतरी समजूत त्यामागे असावी. या बुवाचे पाय मात्र शाबूत. तो गावचा मुखिया असावा, असं ढवळीकरांचं अनुमान. मुखियाच्या भुताला फिरायची मुभा, ही सोय तेव्हापासूनची दिसते.

पण इनामगाव नदीकाठचं. डोंगराच्या कुशीतल्या गावांचं काय? तिथे माती पातळ, खाली कातळ, मग जुनी माणसं सापडायची कुठे? याचं उत्तर एका गणितज्ञाने पायी फिरून शोधलं. दामोदर धर्मानंद कोसंबी मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गणिताचे प्राध्यापक होते, घर पुण्यात, आणि जाणं-येणं डेक्कन क्वीनने. प्राचीन नाणी वापराने किती झिजतात हे कळावं म्हणून त्यांनी चालू बाजारातली नाणीसुद्धा तोलली. अशा माणसाला टेकडीवर नुसतं हवा खायला जाणं जमत नाही. पुण्याभोवतीच्या टेकड्यांच्या उतारांवर त्यांना अकीक-गारगोटीची नखाएवढी हत्यारं उघड्यावर पडलेली मिळाली. ती कुठे-कुठे मिळतात हे त्यांनी टिपलं, तेव्हा ध्यानात आलं की जुन्या धनगरी वाटा, शेंदूर फासलेले देव आणि ही हत्यारं पुष्कळदा एकमेकांना धरून आहेत. पंढरीच्या वारीची वाटही त्यांनी याच नजरेने पाहिली. १९६२च्या ‘मिथ अँड रिॲलिटी’ या पुस्तकात हे सगळं आहे. त्यांचे सगळे निष्कर्ष आज कुणी डोळे झाकून मान्य करत नाही, आणि डोळे झाकलेले त्यांना खपलेही नसते. पण आमच्या भागात खाली बघण्याऐवजी आजूबाजूला बघा, हे त्यांचं सांगणं मला पटतं. इथला भूतकाळ पुरलेला नाही, कारण पुरायला कुणी आलंच नाही. तो वरच आहे, आणि वापरात आहे.

समोरच्याच खड्ड्याचं घ्या. त्याच्या एका कोपऱ्यात शेंदूर लावलेला दगड आहे. सगळीकडे सरळ रेषेत गेलेलं पत्र्याचं कुंपण तिथे येऊन वळसा घेतं. दगड कुणाचा, यावर तीन मतं आहेत. हलवू नये यावर एकमत. आणि दगडापुढे रोज सकाळी उदबत्ती कोण लावतं, तर इथे काही निघत नाही असं मला ठणकावून सांगणारा तोच पोकलेनवाला. त्याचं बरोबरच आहे. निघत नाही, असतं.

वाकडच्या म्हातोबाचंही तेच. कोसंबींनी त्याची आणि जोगूबाई या देवीची दखल घेतली, तेव्हा इथून वाकडपर्यंत शेतं होती. आता काचेच्या इमारती आहेत, संगणकाच्या कंपन्या आहेत, डोक्यावर मेट्रोचे खांब आहेत. म्हातोबाचं वेळापत्रक मात्र कुणी बदललेलं नाही. चैत्री पौर्णिमेला बगाड, म्हणजे लाकडाला माणूस टांगलेला गाडा, हिंजवडीतून निघतं आणि वाकडला जातं. टांगून घेणारा गळकरी होण्याचा मान हिंजवडीच्या जांभूळकरांचा. ‘बगाड’ ऐकून वाईकडचं बावधन आठवणाऱ्यांना मी सांगतो, अहो, आपल्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे, तर त्यांना ते खोटं वाटतं.

गेल्या यात्रेच्या दिवशी शेजारचा मुलगा माझ्याकडे आला. आयटीतला, मूळचा नागपूरचा, इथल्या सगळ्या रस्त्यांवर मनापासून चिडलेला. मोबाइलमधला नकाशा हिंजवडीपासून लालेलाल झाला होता.

"काका, अपघात झालाय का कुठे?"

"अपघात नाही, बगाड आहे. म्हातोबाची यात्रा."

"अच्छा. आणि हे किती वेळ चालणार?"

मी चष्मा पुसला, कोसंबींचं पुस्तक कपाटातून काढलं आणि पहिल्यापासून सांगायला बसणार, तोच त्याची मीटिंग सुरू झाली.