पॉइंटांची काशीयात्रा

काशीस जावे नित्य वदावे, असं आपल्याकडे म्हणतात ते उगीच नाही. नुसतं म्हणण्यानं पुण्य लागतं आणि परताव्याची भानगडही राहत नाही. आमचे बापूकाका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यापासून हे वचन निष्ठेनं पाळत होते. मग मुलानं त्यांना क्रेडिट कार्ड घेऊन दिलं, आणि कार्डामागोमाग घरात रिवॉर्ड पॉइंट शिरले.

दर दीडशे रुपयांच्या खर्चाला ४ पॉइंट, आणि एका पॉइंटचे ५० पैसे. पेट्रोलवर मिळत नाहीत, घरभाड्यावर मिळत नाहीत, वॉलेटमध्ये पैसे भरले तर मिळत नाहीत, हे सगळं काकांना तोंडपाठ. हॉटेलात गेलं की बिल काका कार्डानं भरणार आणि टेबलावरच सगळ्यांकडून रोख वसूल करणार. भाच्याचा फ्रीज काकांच्या कार्डावर आला. शेजारच्या जोशीकाकूंचा मोतीबिंदूसुद्धा काकांच्या कार्डावर निघाला. काकू नको नको म्हणत होत्या, त्यांच्याकडे रोख तयार होती.

असे करत करत २८,००० पॉइंट साठले. मी हिशेब मांडून दाखवला, "काका, साडेदहा लाख खर्चून हातात चौदा हजार. दीड टक्कासुद्धा नाही."

"फुकट ते फुकट," काका म्हणाले आणि काशीची दोन तिकिटं काढायला बसले. एक त्यांचं, एक माझं. आमच्या काकूंनी गुडघ्यांचं कारण सांगून आधीच सुटका करून घेतली होती.

भाडं झालं वीस हजार. बँकेच्या पोर्टलनं सांगितलं, पॉइंट सत्तर टक्क्यांपर्यंतच चालतील. उरलेले ६,००० कार्डावर. शिवाय पॉइंट वापरू दिल्याबद्दल ९९ रुपये शुल्क आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण ११६ रुपये ८२ पैसे. फुकटच्या वस्तूवर कर बसलेला पाहून काका थोडे हलले, पण बटण दाबलं.

पोर्टल दिसायला बँकेचं. त्याच्या पोटात एक प्रवासी कंपनी, आणि तिच्या पोटात विमान कंपनी. पैसे घेताना हे तिघं असे एकजीव असतात की कुठं शिवण दिसत नाही. ती दिसायला विमान रद्द व्हावं लागतं.

जानेवारीतली सकाळ. लोहगावला लख्ख ऊन पडलेलं. गंगेसाठी घेतलेला तांब्याचा रिकामा गडू सुरक्षा तपासणीच्या मशीनमधून दोनदा फिरून आला होता; तिसऱ्यांदा एका जवानानं तो उलटा करून आत टॉर्च मारला, आणि काकांनीही मान लांब करून आत पाहिलं. मग फलकावर 'विलंब' आलं. मग आणखी विलंब. शेवटी 'रद्द'.

"धुक्यामुळे, सर," काउंटरवरची मुलगी म्हणाली.

काकांनी काचेतून बाहेर पाहिलं. "कुठंय धुकं?"

"वाराणसीला, सर."

काका नियम वाचून आलेले. आयत्या वेळी विमान रद्द झालं तर उड्डाणाच्या लांबीनुसार ५,००० ते १०,००० रुपये भरपाई, किंवा मूळ भाडं अधिक इंधन आकार, यातलं जे कमी असेल ते. पण धुकं पडतं ते कंपनीच्या हाती नसतं, म्हणून भरपाई नाही. दुसऱ्या विमानात जागा किंवा पूर्ण परतावा मात्र द्यावाच लागतो. जागा होती तीन दिवसांनंतरची. काकांनी परतावा मागितला.

टॅक्सीत मी पोर्टल उघडलं. तिथं 'तिकीट रद्द करा' असं ठळक बटण होतं. मी बोट टेकवणार तोच काकांनी मनगट धरलं. "हात लावू नकोस! राजीनामा देणाऱ्याचा आणि ज्याचं पदच रद्द झालंय त्याचा हिशेब वेगळा असतो." बत्तीस वर्षं आस्थापना शाखेत काढलेला माणूस. ते बटण दाबलं असतं तर नोंद झाली असती, प्रवाशानं स्वेच्छेनं रद्द केलं, रद्दीकरण शुल्क वजा करा. काकांनी विमान रद्द झाल्याचा कंपनीचा मेसेज तिथल्या तिथं मला पाठवला, मुलाला पाठवला, आणि जोशीकाकूंनाही पाठवला.

इथून खरा प्रवास. विमान कंपनी म्हणाली, परतावा एजंटाकडे दिला. प्रवासी कंपनी म्हणाली, तुम्ही बँकेचे ग्राहक, आमचे नव्हे. बँक म्हणाली, आमच्याकडे फक्त पॉइंट असतात, विमानं नसतात. तिघांचं फोन धरून ठेवायचं संगीत वेगवेगळं. विमान कंपनीची बासरी काकांना आवडायची. ती अर्धवट तोडून माणूस बोलायला लागला की ते चिडायचे.

मग काकांनी फाईल उघडली. डाव्या बाजूला टिपणी, उजव्या बाजूला पत्रव्यवहार, पानांना क्रमांक, कोपऱ्यात लेस. 'उपरोक्त विषयास अनुसरून' पहिलं पत्र गेलं: एजंटामार्फत तिकीट काढलं तरी परताव्याची जबाबदारी विमान कंपनीचीच, असा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम आहे, सबब. कंपनीनं आनंदानं कळवलं की रक्कम क्रेडिट शेलमध्ये ठेवली आहे, वर्षभरात केव्हाही वापरा. शेल उघडून पाहिलं तर प्रवासी कंपनीच्या नावावर. म्हणजे आमच्या पैशानं काशीला जाण्याचा हक्क आता कुणा अनोळखी संस्थेला होता.

दुसरं पत्र: शेल घ्यायचं की पैसे, हे ठरवणं प्रवाशाच्या मर्जीवर. कंपनीच्या प्रतिनिधीनं फोनवर टाळेबंदीतला दाखला दिला. काकांकडे त्याचीही प्रत, लाल पेन्सिलीनं अधोरेखित. सर्वोच्च न्यायालयाचा तो निकाल १ ऑक्टोबर २०२० चा. अडचणीतल्या कंपन्यांना शेल द्यायची मुभा मिळाली ती त्या काळातल्या तिकिटांपुरती. तीही ३१ मार्च २०२१ पर्यंत, आणि वर महिना अर्धा ते पाऊण टक्का वाढ. "ती वाढ देता का?" काकांनी विचारलं. पलीकडे बासरी सुरू झाली.

पुढे ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ क्रमांक झाला, एअरसेवावर तक्रार झाली, आणि ६,००० रुपये मुकाट्यानं कार्डावर आले. पॉइंट मात्र येईनात. ते वाटेत होते म्हणे. बँकेला लेखी तक्रार देऊन तीस दिवस थांबावं लागतं, त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाचं दार. काका कॅलेंडरवर फुल्या मारत बसले. मुदत संपायच्या आदल्या दिवशी २८,००० पॉइंट आले आणि त्याच रात्री गेले. मूळ पॉइंटांची मुदत प्रवासातच संपली होती, संगणकानं नियमानं बाद केले.

काका फाईल काखोटीला मारून शाखेत गेले, सोबत मी. तिथल्या बाईंनी टिपणी पहिल्या पानापासून वाचली, मध्ये एकदा चष्मा पुसला, आणि कुणाला तरी फोन करून पॉइंट नव्या मुदतीसह पुन्हा चढवायला लावले. काका उठेनात.

"अजून काय, काका?"

"ते ११६ रुपये ८२ पैसे."

"ते शुल्क परत मिळत नाही हो. हवं तर सदिच्छा म्हणून ५०० पॉइंट जास्तीचे देते."

"पॉइंट नकोत. तत्त्वाचा प्रश्न आहे, ताई," काका म्हणाले. फाईलची लेस बांधत ते दारापर्यंत गेले, थांबले, आणि मला पुढं व्हायची खूण करून परत टेबलाशी आले. "नाही, नुसतं माहितीसाठी विचारतो. त्या पाचशेची मुदत किती?"