लेन्सनिष्ठेची परीक्षा

ऑनलाइन मुलाखत, म्हणजे दोन घरांत बसलेल्या दोन पक्षांनी आधी एकमेकांना 'माझा आवाज येतोय का?' असे विचारून मग एकाने दुसऱ्याची लायकी ठरवण्याचा विधी, नोकरभरतीच्या शास्त्रात आता इतका रुजला आहे की त्यातील गृहीतके तपासण्याची गरज कोणालाच भासत नाही. पहिले गृहीतक असे की प्रामाणिक माणूस नजरेला नजर देऊन बोलतो. लॅपटॉपचा कॅमेरा मात्र बहुधा पडद्याच्या वरच्या कडेला असतो आणि मुलाखतकाराचा चेहरा त्याच्या चार बोटे खाली. त्यामुळे जो उमेदवार खरोखरच समोरच्याच्या डोळ्यांत पाहतो तो पलीकडे नजर चुकवणारा दिसतो, आणि जो समोरच्या माणसाकडे ढुंकूनही न पाहता एका काळ्या ठिपक्याशी हसून बोलतो, त्याच्या नावापुढे 'आत्मविश्वास उत्तम' असा शेरा पडतो. या गुणाला लेन्सनिष्ठा म्हणणे उचित ठरेल.

या निष्ठेत सर्वाधिक उणे ठरतात ते न्यूरोडायव्हर्जंट उमेदवार. लक्ष देण्याची, शिकण्याची किंवा इतरांशी संवाद साधण्याची ज्यांच्या मेंदूची रीत बहुसंख्यांहून वेगळी असते, अशांसाठी ही संज्ञा वापरतात, आणि तिच्यात स्वमग्नता, वाचन-लेखन अवघड करणारा डिस्लेक्सिया आणि अवधान टिकू न देणारा एडीएचडी यांचा समावेश होतो. अनेक स्वमग्न व्यक्तींना नजर भिडवून ठेवण्यातच इतकी शक्ती खर्चावी लागते की उत्तरासाठी ती उरत नाही. उत्तर जुळवताना असा उमेदवार तीन सेकंद गप्प राहिला तर ते अज्ञान ठरते. मुलाखतकाराची प्रतिमा तोंड उघडे ठेवून तीस सेकंद गोठली तर तो मात्र नेटवर्कचा दोष असतो.

'स्वतःबद्दल काहीतरी सांगा' या आद्य प्रश्नाचे मूळ कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात शोधता येईल. तेथेही मुलगी कशी बोलते, कशी बसते, किती हसते यावरच तिची पारख होत असे. पण निदान पोह्यांची चव घेतली जात असल्यामुळे कामाचा एक नमुना तरी तपासला जाई. आधुनिक मुलाखतीने पोहे वगळले आणि बाकीचे सर्व ठेवले. प्रश्नाचा शब्दशः अर्थ घेणारा उमेदवार 'नेमके कशाबद्दल, आणि किती मिनिटे?' असे विचारतो, तेव्हा त्याला संवादकौशल्य नसल्याची नोंद होते. हाच प्रश्न रुजू झाल्यावर ग्राहकाला विचारला तर त्याला गरजांचे विश्लेषण म्हणतात आणि त्याचे वेगळे बिल लावतात.

प्रश्न आदल्या दिवशी लेखी कळवावेत, ही सूचना पुढे येताच पेपरफुटी झाल्यासारखा गहजब होतो. मुलाखतकारासमोर प्रश्नांची यादी उघडी असते हे येथे सोयीस्करपणे विसरले जाते. ब्रिटनमधील जॉन लुइस या दुकानसाखळीने २०२४ मध्ये आपले मुलाखतीचे प्रश्न सरळ जाहीर करून टाकले. प्रश्न फुटला तरी अनुभव स्वतःचाच सांगावा लागतो, एवढी साधी गोष्ट त्यामागे होती.

यंत्रांचे वर्तन त्या मानाने सुधारले आहे. उमेदवाराच्या चेहऱ्यावरील हावभावांना गुण देणारे विश्लेषण हायरव्ह्यू या अमेरिकी कंपनीने बंद केल्याचे २०२१ मध्ये जाहीर झाले, आणि कामाच्या ठिकाणी भावना ओळखू पाहणाऱ्या यंत्रणांना युरोपीय संघाने फेब्रुवारी २०२५ पासून, मोजके अपवाद ठेवून, मनाई केली. यंत्राने टाकलेली ही मुखसामुद्रिक विद्या माणसांनी मात्र निष्ठेने जपली आहे.

भारतात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याने २१ प्रकारची दिव्यांगत्वे मान्य केली असून त्यांत स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता येतात. एडीएचडीचे नाव त्या यादीत नाही, त्यामुळे त्या उमेदवाराचे अवधान विचलित होते ते बहुधा कायद्याबाहेर. 'वाजवी सोय' ही कल्पनाही याच कायद्यात आहे: अवाजवी बोजा न पडता करता येतील असे आवश्यक बदल, असा तिचा अर्थ. प्रश्नांचा ईमेल पाठवणे, कॅमेरा बंद ठेवू देणे, गप्पांऐवजी तासाभराचे प्रत्यक्ष काम देणे, यांचा बोजा किती किलो भरतो हे कोणत्याही मनुष्यबळ विभागाने अद्याप वजन करून पाहिलेले दिसत नाही.

सोय मिळतच नाही असे मात्र म्हणता येणार नाही. त्यासाठी प्रमाणपत्र जोडून विनंती करायची असते, आणि विनंतीची शहानिशा करण्यासाठी पूर्वसूचना न देता फोन येतो, जो अचानक आलेल्या फोनवर बोलता येत नाही म्हणून सोय मागणाऱ्याने लगेच उचलून, प्रसन्न स्वरात, स्वतःबद्दल काहीतरी सांगायचे असते. समान संधीचे धोरण जाहीर करणे याच कायद्याने प्रत्येक आस्थापनेला बंधनकारक केल्यामुळे तेही संकेतस्थळाच्या तळाशी सापडते: तिरक्या स्कॅन केलेल्या सतरा पानांचे, डिस्लेक्सिया असलेल्यांसाठी मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला ज्यातले एक अक्षरही उमगत नाही असे, आणि शेवटच्या पानावर गोल शिक्का असलेले.