पॅच जुळत नाही

सोहार बंदराच्या औद्योगिक पट्ट्यात मी रंग तपासायचं काम करतो. टाक्यांचा, पाइपांचा, खांबांचा. खरचटलेल्या जागी कंत्राटदाराने रंगाचा हात मारला आणि तो आजूबाजूशी जुळला नाही, की मी ‘पॅच जुळत नाही’ असा शेरा मारून पुढच्या टाकीकडे वळतो. माझ्या पाठीमागे कंत्राटदार काय बोलतात ते मला ठाऊक आहे. बरंचसं मल्याळममध्ये असतं म्हणून निभावतं.

दाताचा कोपरा उडाला तो ओमानी पाहुणचारात. इथे कुठल्याही कचेरीत गेलात की आधी खजूर आणि काहवा, काम मागाहून. मला सवय डब्यातल्या बिनबियांच्या खजुराची. यजमानांसमोर मी ऐटीत पुढच्या दातांनी खजूर तोडला आणि बी आपल्या जागी ठाम राहिली. तुकडा उडाला तो एवढासा, की बायको चष्मा लावून म्हणाली, “कुठे काय झालंय?” पण सांगलीला पुतणीचं लग्न ठरलेलं. वधूच्या काकाचे फोटो निघणार. आरशासमोर माझं जाणं-येणं वाढलं.

दाताच्या डॉक्टरही केरळच्याच निघाल्या. मी आधीच बजावलं, या वयात तारा लावणार नाही. त्यांनी शांतपणे पर्याय सांगितले आणि मी प्रत्येक आकड्याला मनात दोनशेने गुणत बसलो. आखातातला मराठी माणूस झोपेतही रियालचे रुपये करत असतो.

पारदर्शक अलायनर दिवसाचे बावीस तास घालायचे, पाण्याखेरीज काहीही घ्यायचं तर काढून ठेवायचे. माझा चहा धरला तर ते बहुधा खिशातच राहिले असते. शिवाय दात वाकडा नव्हता, तुटका होता. नुसता कोपरा घासून गोल करणं सगळ्यांत स्वस्त. पण घासलेलं इनॅमल पुन्हा उगवत नाही, आणि इथे आधीच माल कमी होता. उरलं पोर्सिलेनचं व्हेनिअर. चार्ल्स पिंकस नावाच्या दंतवैद्याने 1928 मध्ये हॉलिवूडच्या नटांसाठी असले मुखवटे केले, ते चित्रीकरणापुरते चिकटवायचे आणि नंतर काढायचे. मला नेमकी हीच सोय हवी होती, लग्नापुरती. पण आता ते कायमचं बसवतात, त्यासाठी बहुतेक वेळा दात थोडा तासतात, आणि दोनशेने गुणल्यावर जो आकडा आला त्यात आहेराची सोन्याची अंगठी बसत होती.

म्हणून बाँडिंग. म्हणजे दाताच्या रंगाचं कॉम्पोझिट थराथराने लावून निळ्या प्रकाशाने कडक करायचं. त्याआधी दातावर फॉस्फोरिक ॲसिड लावून तो किंचित खरखरीत करतात. हे ऐकून मी खुर्चीत ताठ बसलो. ही युक्ती मायकेल बुओनोकोर यांनी 1955 मध्ये मांडली, आणि त्यांना ती सुचली होती धातूवर रंग पक्का बसावा म्हणून कारखान्यांत ॲसिड वापरतात त्यावरून. म्हणजे हे माझंच खातं! मी डॉक्टरांना पृष्ठभाग कसा तयार करावा यावर चार शब्द सांगितले. त्यांनी माझ्या तोंडात कापूस कोंबला.

रंगाची छटा त्यांनी सुरुवातीलाच, दात ओले असताना ठरवली होती. पण अर्धा तास आ वासून झाल्यावर, कोपरा अजून लागायचा असताना, मी हाताने आरसा मागितला. माझे दात इतके शुभ्र मी लहानपणानंतर पाहिले नव्हते, आणि त्यांच्या शेजारी ठेवलेला नमुना चहाळ दिसत होता. मी कापसातून शेरा दिला, “मॅच नहीं हो रहा.” त्या म्हणाल्या, दात वाळले की पांढरे दिसतात, ओले झाले की मूळ रंगावर येतात. मी म्हटलं, रंगात माझी इतकी वर्षं गेली. त्यांनी दोनदा विचारलं आणि मग दोन छटा उजळ कोपरा लावून दिला.

दुसऱ्या दिवशी दात मूळ रंगावर आले. कोपरा आला नाही.

कॉम्पोझिटला ब्लीच लागू पडत नाही. म्हणजे डाग बदलायचा नसेल तर सबंध टाकीच त्या डागाच्या रंगाची करायची. मी घरी वापरायचं जेल आणलं. त्या काळात चहा नाही, हळद नाही, समुद्रकाठी कॉर्निशवर फिरल्यावर करक चहाही नाही. मी दहीभात खाऊन दिवस काढले. दात उजळायच्या आत शिवशिवू लागले. बाहेर सोहारचा उन्हाळा आणि मी कोमट पाणी पितोय! बायकोने शेवटी चहाचं आधण ठेवलं आणि मी काही बोललो नाही.

सांगलीत मी तोंड मिटून हसायचं ठरवलं होतं. पण जेवणाच्या पंगतीत कुणीतरी नवऱ्याला उखाणा घ्यायला लावला, तो मध्येच विसरला, आणि फोटोग्राफरने नेमकं मला टिपलं.

संध्याकाळी तो लॅपटॉप घेऊन शेजारी येऊन बसला. “काका, तेवढा पांढरा ठिपका जरा पिवळा करू का? बाकीच्यांत मिसळून जाईल. शंभर रुपये होतील.”

मी दोनशेने भागलं. अर्धा रियाल.

“सगळ्या फोटोंत कर,” म्हटलं.