आंब्याचं केळं झालं!

ऐकलंत का, ब विंगमधल्या काकूंच्या सुनेच्या पोटात सध्या काय आहे? फ्लॉवर! तीन आठवड्यांपूर्वी मक्याचं कणीस होतं. त्याआधी केळं, त्याआधी आंबा. ‘बाळ’ हा शब्द त्या घरातून हद्दपार झालाय. सूनबाईच्या मोबाइलमधलं अ‍ॅप दर सोमवारी नवं फळ नाहीतर नवी भाजी जाहीर करतं आणि घरातली चार माणसं आठवडाभर त्यावर जगतात.

मुळात सुरुवातच अब्रूवर बेतली होती. चिरंजीव कंपनीच्या कामाला दोन महिने जर्मनीत. ते परतले आणि तीन आठवड्यांनी पट्टीवर दोन गुलाबी रेघा उमटल्या. सूनबाईने शेवटच्या पाळीची तारीख अ‍ॅपमध्ये घातली. अ‍ॅप म्हणालं, अभिनंदन, पाच आठवडे! काकूंनी बोटांची पेरं मोजली. पुन्हा मोजली. मग डबा काठोकाठ भरलेला असताना माझ्याकडे वाटीभर साखर मागायला आल्या आणि दार लोटून म्हणाल्या, “अहो, पाच आठवड्यांपूर्वी हा म्युनिकला होता हो!”

मीही आधी साखर मोजली, मग आठवडे. गरोदरपणाचा हिशेब शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून धरतात, कारण ती तारीख बाईला ठाऊक असते. दिवस राहिल्याची तारीख छातीठोकपणे कोण सांगणार? म्हणजे गरोदरपणाच्या २८० दिवसांतले पहिले चौदा-एक दिवस पोटात कुणी नसतंच. पाळीच्या तारखेत सात दिवस मिळवायचे, तीन महिने मागे जायचं, वर्ष पुढे न्यायचं, की आली प्रसूतीची तारीख. ही नेगेले नावाच्या डॉक्टरची रीत. नेगेलेही जर्मनच होते, हे मात्र मी काकूंना सांगितलं नाही.

अब्रू वाचली, पण मसूर गेला. सहाव्या आठवड्यात अ‍ॅपने बाळाला मसुराच्या दाण्याएवढं ठरवलं आणि चिरंजीवांनी ताट बाजूला सारलं. “आई, आमटी मसुराची? या आठवड्यात?” तेव्हापासून त्या घरात स्वयंपाक पंचांग बघून नाही, अ‍ॅप बघून होतो. द्राक्षांवर एक आठवडा बंदी, लिंबावर एक. ब्लूबेरीच्या आठवड्यात काकूंनी करवंदं आठवून वेळ निभावली.

आणि गंमत बघा. त्या मसुराच्याच आठवड्यात बाळाच्या मेंदूची आणि मणक्याची नळी मिटून पूर्ण होत आलेली असते. ती नीट मिटावी म्हणून जी फॉलिक अ‍ॅसिडची गोळी, ४०० मायक्रोग्रॅमची, ती खरं तर दिवस राहण्याच्या आधीपासून घ्यायची. हेही अ‍ॅपमध्ये लिहिलेलं आहे बरं का. पण मसुराचं चित्र केवढं, आणि ही ओळ केवढी! दोन गोंडस चित्रांच्या मधल्या फटीत, पत्रिकेच्या तळाशी ‘कृपया आहेर आणू नये’ लिहितात त्या मापाची.

खरा कहर विसाव्या आठवड्यात झाला. आदल्या सोमवारी आंबा, पंधरा सेंटिमीटर. या सोमवारी केळं, पंचवीस सेंटिमीटर! सात दिवसांत दहा सेंटिमीटर? सूनबाई घाबरली. काकूंनी श्रेय आपल्या साजूक तुपाला देऊन टाकलं आणि दुप्पट तूप वाढायला घेतलं. मला तर वाटलं, अ‍ॅपला बाळापेक्षा फळवाल्याची जास्त काळजी. शेवटी सोनोग्राफीच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी उलगडा केला. पाय पोटाशी दुमडलेले असतात म्हणून तोवर माप डोक्यापासून ढुंगणापर्यंतच घेतात. विसाव्या आठवड्याच्या सुमारास ही अ‍ॅपं ते टाचेपर्यंत मोजू लागतात. बाळ जेवढ्यास तेवढं वाढलं होतं. टेप लांब झाली होती. तूप मात्र कमी झालं नाही.

त्याच केबिनमध्ये भिंतीवर तो बोर्ड होता, ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’. कायदा १९९४चा, आणि महाराष्ट्राने तर त्याच्याही आधी, १९८८ साली आपला केला होता. काकू बोर्ड वाचून गप्प बसल्या आणि घरी येऊन सूनबाईच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर मुलगा की मुलगी सांगणारं चिनी कॅलेंडर उघडून बसल्या. ठोके १४०च्या वर म्हणजे मुलगी, पोट टोकदार म्हणजे मुलगा! अहो, पहिल्या तिमाहीत सगळ्याच बाळांचे ठोके धावतात. पण ग्रुपवर हे म्हणणाऱ्या बाईला कुणी अंगठासुद्धा दाखवला नाही.

आता ऐका खरी खबर. काकूंकडे भांडी घासायला येणाऱ्या ताईंची सूनही गरोदर आहे. तिच्याकडे साधा बटणांचा फोन. त्यावर दर आठवड्याला ‘किलकारी’चा फोन येतो, केंद्र सरकारच्या सेवेचा. ‘डॉक्टर अनिता’ बोलतात. ही बाई काल्पनिक आहे, पण सल्ला नाही. चौथ्या महिन्यापासून मूल वर्षाचं होईपर्यंत एकूण ७२ निरोप, फुकट. लोहाच्या गोळ्या, तपासण्या, धोक्याची लक्षणं. फळ एकही नाही. परवा ताईंनी तो फोन स्पीकरवर लावला आणि काकू कणकेचे हात तसेच ठेवून शेवटपर्यंत ऐकत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, “ही अनिता आपल्या हिला करेल का गं फोन?”

डोहाळेजेवण येत्या रविवारी आहे. हिरवी साडी, फुलांचे दागिने, झोपाळा, सगळं ठरलंय. पेढा आणि बर्फी वाटीखाली झाकून ठेवायचीय, तेवढा अंदाज कायद्यात बसतो. मेनूमध्ये मसालेभात, अळूची भाजी, मठ्ठा आणि जिलेबी. फ्लॉवरचा रस्सा होता, तो चिरंजीवांनी काढायला लावला. याल तेव्हा का म्हणून विचारू नका.