टोपडं, मोजे आणि ४५ अंश

मे महिन्यात पारा ४५च्या पुढे सरकला की दुपारी अकोल्यात जठारपेठेच्या रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. घरोघरी मोठी माणसं बनियनवर कूलरपुढे लोळतात आणि बाहेर पडायचंच झालं तर डोक्याला दुपट्टा बांधून खिशात कांदा ठेवतात. अंगभर कपडे घरात एकाच्याच अंगावर: दीड महिन्याच्या लेकराच्या. झबलं, टोपडं, पायमोजे आणि वरून दुपट्याची घट्ट गुंडाळी. का? "हवा लागते न बाप्पा त्याले!" ज्या हवेसाठी आपण सारे तडफडतो, ती नेमकी त्यालाच लागते.

मग मानेच्या वळीत घामोळ्या उठतात. घामाची छिद्रं बुजली म्हणून उठलेल्या या घामोळ्यांवर आत्याबाई पावडर थापतात. म्हणजे उरलेली छिद्रंही बुजतात. घाम आणि पावडर मिळून वळीत मस्त कणीक भिजते. लेकरू रडलं की दृष्ट लागली! मिरच्या ओवाळा, जाळा, त्याच्याच खोलीत. तरी रडतं? "घसा सुकला असंन", म्हणून चमच्यानं पाणी. सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधातच पुरेसं पाणी असतं, हे डॉक्टर सांगून थकले. पण डॉक्टरांना कुठं पाच लेकरं झाली?

परवा भरदुपारी लाईन गेली. आजीनं वैतागून टोपडं, मोजे सारं काढलं, ओल्या फडक्यानं मान टिपली, सुती लंगोटावर निजवलं. लेकरू गाढ झोपलं. तासाभरानं कूलर घरघरला, तशी आजी लगबगीनं उठली.

मोजे शोधायला.